लांपेदूसाच्या धक्क्यावर

वाचकांनी घरातील मुलांचा नकाशा घटकाभर पुढ्यात ओढून घ्यावा. इटली देशाचा आकार बुटासारखा आहे, हे शाळेत जाणारी पोरेही सांगतात. त्या बुटाच्या टोकाशी सिसिलीचे मोठे बेट आहे. सिसिलीवरून बोट खाली आफ्रिकेकडे नेऊ लागले की वाटेत, शाईचा चुकून ठिपका पडला असावा असे वाटेल, तेथे लांपेदूसा नावाचे एक लहानसे बेट लागते. राज्य इटलीचे, परंतु सिसिलीचा किनारा येथून सुमारे २०५ किलोमीटर दूर, आणि आफ्रिकेतील ट्युनिसियाचा किनारा मात्र सुमारे ११३ किलोमीटरच. ट्युनिस शहराहूनही हे बेट अधिक दक्षिणेस आहे. भूगोलाने ते आफ्रिकेच्या पदरात टाकले, इतिहासाने युरोपच्या. या एका विसंगतीपायी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या खडकावर जे घडले, ते वाचकांच्या कानी घालावे म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

खरे सांगावयाचे तर आम्ही उभयता सिसिलीत गेलो होतो ते आग्रिजेंतो येथील प्राचीन ग्रीक देवळे पाहण्यासाठी. देवळे पाहून झाली. आणि जवळच पोर्तो एम्पेदोक्ले नावाचे बंदर असून तेथून रात्रीची बोट लांपेदूसास जाते असे समजले, तेव्हा दोन दिवस हाताशी होते म्हणून आम्ही तिकिटे काढली. तिकीट बेताचेच होते. खिडकीवरील इसमाने आमचे पासपोर्ट उघडून पाहिले, स्मित केले आणि परत दिले. त्या पासपोर्टांतील व्हिसासाठी निघण्यापूर्वी आम्हांस काय काय सादर करावे लागले, ते येथे मुद्दाम नमूद करितो, कारण पुढील हकिकतीशी त्याचा निकट संबंध आहे. बँकेतील शिलकेचा दाखला, आयकराची विवरणपत्रे, मुक्कामाच्या जागांच्या पावत्या, प्रवासाचा विमा आणि परतीचे तिकीट. या सगळ्या चळतीचा मथितार्थ एकच, की ही माणसे खाऊनपिऊन सुखी आहेत आणि म्हणून ती परत जातील. ज्याला परत जाण्याची भीती वाटते, किंवा ज्याच्यापाशी परत जाण्याजोगे काही उरलेले नाही, त्याला असा कागद कोठून मिळावा, हा प्रश्न त्या वेळी आमच्या मनास शिवलाही नव्हता.

उजाडता उजाडता बेट दिसू लागले. हिरवे असे दृष्टीस काही पडत नाही. फिकट तपकिरी खडक, कडेने तुटलेले कडे आणि त्यांच्या पायथ्याशी असे काही निळे पाणी, की त्यात उभ्या असलेल्या होड्या अधांतरी तरंगताहेत असा भास व्हावा. क्षेत्रफळ सुमारे २० चौरस किलोमीटर आणि वस्ती सुमारे सहा हजार. १८४३ साली नेपल्सच्या राजाने येथे वसाहत करविली. वसाहतवाल्यांनी सरपणासाठी आणि शेतीसाठी झाडे तोडली, ती मात्र पुन्हा उगवली नाहीत. पुढे मासेमारीवर आणि समुद्राच्या तळचा स्पंज काढण्यावर लोकांनी दिवस काढले. आता मुख्य धंदा पाहुण्यांचा. रोमा नावाच्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांस खानावळी आणि आइस्क्रीमची दुकाने आहेत. दक्षिणेस ‘सशांचे बेट’ म्हणून एक इवलासा खडक आहे; त्याच्यासमोरील वाळूत समुद्रातील कासवे अंडी घालावयास येतात आणि त्यांच्या वाटेत माणसाचे पाऊल पडू नये म्हणून तेथे मोठी काळजी घेतात. हे पाहून आम्हांस कौतुक वाटले.

ज्या गोष्टीमुळे या बेटाचे नाव जगभर झाले, ती मात्र प्रवाशाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. समुद्रातून उचलून आणलेली माणसे फावालोरो नावाच्या धक्क्यावर उतरवितात, आणि तेथे परक्यास मज्जाव आहे. तेथून त्यांना मोटारीत घालून बेटाच्या मध्यभागी एका घळीत बांधलेल्या छावणीत नेतात, नावे टिपून घेतात आणि एक-दोन दिवसांत सिसिलीकडे रवाना करितात. पाहुणे एका रस्त्याने समुद्रस्नानास जातात आणि ही मंडळी दुसऱ्या रस्त्याने छावणीत जातात. एवढ्याशा बेटावर या दोन वाटांची गाठ पडत नाही.

बेटाच्या एका टोकाशी, जेथून पुढे आफ्रिकेपर्यंत केवळ पाणीच आहे, तेथे एक दरवाजा उभा आहे. मिम्मो पालादीनो नावाच्या इटालियन शिल्पकाराने २००८ साली तो उभारला. उंची सुमारे ५ मीटर. अंगावर मातीच्या भाजकामातील कटोरे, जोडे अशा क्षुद्र वस्तू बसविलेल्या. ‘युरोपचे दार’ असे त्याचे नाव. त्याला कवाड नाही, कडी नाही. वारा आरपार वाहत असतो. समुद्रात मेलेल्यांचे ते स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा दोन-तीन कुटुंबे त्याच्या चौकटीत उभी राहून छायाचित्रे काढून घेत होती. आम्हीही काढले, हे कबूल केले पाहिजे.

बेटावर पोर्तो साल्वो येथील मेरीमातेचे एक जुने देवस्थान आहे. त्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, बेट निर्जन असताना तेथील गुहेत ख्रिस्ती आणि मुसलमान या दोन्ही धर्मांचे खलाशी नतमस्तक होत, आणि जाताना मागे तेल, बिस्किटे, वस्त्रे असे काहीबाही ठेवून जात. फुटलेल्या जहाजातून वाचलेल्याने किंवा पळून आलेल्या गुलामाने ते घ्यावे. कोणाचा कोण, हे कोणी पुसावयाचे नाही. आपल्याकडील घाटमाथ्यावरच्या धर्मशाळांची आणि पाणपोयांची ज्यांना आठवण आहे, त्यांस या रिवाजाचे नवल वाटणार नाही.

या पाण्यावरून माणसे केवळ दक्षिणेकडूनच उत्तरेस आली, असा जर कोणाचा समज असेल तर तो बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिसिलीतील भुकेकंगाल शेतमजूर आणि कोळी याच समुद्रातून उलट दिशेने ट्युनिसियास गेले. फ्रेंचांचे राज्य असूनही विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे फ्रेंचांपेक्षा इटालियनच अधिक होते; ट्युनिसजवळील ला गुलेत या बंदराच्या एका वस्तीला ‘छोटी सिसिली’ असेच म्हणत. १८७६ पासून पुढील शंभर वर्षांत सुमारे अडीच कोटी इटालियन लोक पोटासाठी देश सोडून गेले असा हिशेब आहे. त्यांपैकी पुष्कळांपाशी धड कागद नव्हते. पण त्या काळी ते कोणी मागतही नसे.

आणि ट्युनिसियाचे लोकही येत होतेच. सिसिलीतील माझारा देल वाल्लो या बंदरात १९६० नंतरच्या काळात ट्युनिसियन खलाशी मासेमारीच्या बोटींवर कामास राहू लागले. हंगामापुरते यावे, चार पैसे गाठीस बांधावे आणि घरी जावे, असा क्रम होता. आपल्या कोकणातील माणूस मुंबईस गिरणीत राबे आणि शिमग्याला, गणपतीला घरी येई, तशातलाच हा प्रकार. १९९० च्या सुमारास युरोपातील राष्ट्रांनी आपसांतील सीमा मोकळ्या करण्याचे ठरविले, आणि घरातील आतली दारे उघडावयाची म्हणून बाहेरचे दार घट्ट लावून घेतले. ट्युनिसियाच्या माणसास इटलीत येण्यासाठी व्हिसा लागू लागला, आणि मजुराला तो मिळेना. परिणाम दोन झाले. जो बाहेर होता तो चोरवाटेने येऊ लागला. आणि जो आत होता तो एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही या धास्तीने घरी जाईनासा झाला. ये-जा करणारा पाहुणा ठाण मांडून राहिला, तो असा दार लावल्यामुळेच. ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटली.

मग हे लोक विमानाने का येत नाहीत, असे वाचक विचारतील. आम्हीही विचारले होते. ट्युनिस ते रोम विमानप्रवास जेमतेम तासा-सव्वातासाचा, आणि त्याचे भाडे होडीवाला दलाल घेतो त्याच्या मानाने कितीतरी कमी. याचे उत्तर असे की, योग्य कागद नसलेला उतारू आणला तर विमान-कंपनीस दंड होतो आणि त्याला परत नेण्याचा भार तिजवरच पडतो. युरोपीय संघाने २००१ साली या दंडाचे किमान आकडे ठरवून दिले. त्यामुळे विमानतळावरील कारकून हाच सीमेचा पहारेकरी झाला आहे. इकडे १९५१ चा जिनिव्हा करार सांगतो की, ज्याचा छळ होईल त्याला त्याच्या देशात परत लोटू नये. परंतु आश्रयाचा अर्ज करावयाचा तर आधी त्या भूमीवर पाय ठेवावा लागतो, आणि पाय ठेवण्यास तर मनाई! न्याय आहे, पण न्यायालयाच्या पायऱ्या पाण्यात बुडालेल्या आहेत. त्या पायऱ्यांवर दलालाची होडी लागते.

आपल्या घराण्यांतूनही एके काळी समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, पंक्तीला बसता येत नसे. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हा किती गहजब झाला, हे घरोघरी ठाऊक आहे. पण ती बंदी आपली आपणच घातलेली होती आणि आपणच ती मोडली. आज आपली मुलेबाळे साता समुद्रांपलीकडे नांदत आहेत, आणि दर वर्षी आजी-आजोबा नातवंडे पाहावयास जातात. तेव्हा दुसऱ्याच्या सिंधुगमनाकडे पाहताना आपण आपला कालपरवाचा इतिहास विसरणे शोभणार नाही.

देश सोडण्याची कारणे मात्र सर्वांची एक नसतात. २०११ च्या जानेवारीत ट्युनिसियात राज्यक्रांती झाली, किनाऱ्यावरचा पहारा ढिला पडला, आणि त्या वसंतऋतूत हजारो तरुण लांपेदूसाच्या टेकड्यांवर कापडाचे तंबू ठोकून राहिले. एरिट्रियाची तऱ्हा निराळी. तेथे १९९५ च्या कायद्याने प्रत्येक तरुणास १८ महिने राष्ट्रसेवा सक्तीची झाली. १९९८ मध्ये इथिओपियाशी युद्ध जुंपले आणि त्यानंतर त्या १८ महिन्यांना अंतच राहिला नाही. वर्षानुवर्षे तुटपुंज्या भत्त्यावर सरकारची वेठ करावयाची, आणि देशाबाहेर जाण्यास परवाना मिळावयाचा नाही. लिबियात २०११ साली गद्दाफी मारला गेल्यावर एकछत्री राज्य उरले नाही. जो तो टोळीवाला आपापल्या बंदराचा धनी झाला आणि माणसांची वाहतूक हा त्यांचा रोकडा धंदा होऊन बसला. आणि अलीकडची गोष्ट सांगावयाची तर २०२४ साली इटलीच्या किनाऱ्यास समुद्रमार्गे लागलेल्यांत सर्वांत मोठी संख्या आपल्या शेजारच्या बांगलादेशीयांची होती. युद्ध नाही, दुष्काळ नाही, तरी हजारो कोस दूर लिबियाच्या वाळवंटात जाऊन होडीत बसण्याची बुद्धी त्यांस का होते?

याचा उलगडा आम्हांस लांपेदूसास जाण्यापूर्वीच पालेर्मो शहरातील बाजारात झाला होता. तेथे एका बांगलादेशीय तरुणाचे फळांचे लहानसे दुकान होते. आमचे बोलणे कानी पडताच तो मोडक्या हिंदीत ‘दादा, दीदी, आप इंडिया से?’ म्हणून पुढे झाला आणि पैसे न घेता दोन संत्री हातात ठेवू लागला. मग तीन दिवस रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाणे झाले. तो मादारीपूर जिल्ह्यातला. घरात वडील, दोन काका, आजी आणि मिळून पंधरा-सोळा माणसे. शेजारच्या गावचा मुलगा इटलीस गेला आणि त्याने पक्के घर बांधले, तेव्हापासून यांच्या घरात रोज रात्री जेवणानंतर एकच विषय. शेवटी वडिलांनी भाताच्या जमिनीचा एक तुकडा गहाण टाकला, धाकट्या काकांनी गाय विकली, वहिनीने बांगड्या काढून दिल्या. दलाल गावचाच, ओळखीचा, नमाजाला शेजारी उभा राहणारा. आधी दुबई, मग मिसर, मग लिबिया. लिबियात उतरल्यावर त्याला एका घरात कोंडून दुसऱ्याच कोणास विकले, आणि फोनवर घरच्यांना त्याचे ओरडणे ऐकवून पुन्हा पैसे मागितले. जमिनीचा दुसरा तुकडा तेव्हा गेला.

आम्ही त्यास विचारले, ‘इतके सोसल्यावर तुम्ही परत का फिरला नाहीत?’ तो खाली पाहून म्हणाला, परत जाऊन आजीपुढे कोणत्या तोंडाने उभा राहू? एकट्याचे पैसे असते तर फिरलोही असतो. हे ऐकून आम्ही गप्प झालो. परदेशी लोकांच्या लेखांतून आम्ही वाचले होते की, अगदी कंगाल मनुष्य हा प्रवास करूच शकत नाही. ज्याच्या मागे थोडीफार जमीन, थोडेफार नातेवाईक आहेत तोच निघतो. तेथे तो आकड्यांचा सिद्धांत होता. येथे त्याचा अर्थ कळला. होडीत बसतो तो एक मुलगा, पण ते सारे एकत्र कुटुंब त्याच्याबरोबर पैजेला लागलेले असते. एकत्र कुटुंबाचे जे बळ आपण नेहमी वाखाणतो, की एकाच्या शिक्षणासाठी दहांनी पोटाला चिमटा घ्यावा, तेच बळ येथे त्या मुलाच्या गळ्यातील धोंड झाले होते.

याहून वाईट वाटावे अशी गोष्ट त्याने शेवटल्या दिवशी सांगितली. लिबियातील मार आईला ठाऊक आहे. पण इटलीत आल्यावर पहिली दोन वर्षे तो टोमॅटोच्या मळ्यात राबला, एका खोलीत दहाजणांत निजला, हे त्याने घरी कधीच कळविले नाही. घरी गेले ते एका परक्याच्या मोटारीशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र. ते पाहून गावातील आणखी दोघे निघाले. त्यांपैकी एक पोहोचला. दुसऱ्याची वार्ता नाही. त्या छायाचित्राचा विषय निघाला की तो दुकानातील फळे उगाच पुन्हा पुन्हा पुसू लागे.

हे दुरचे म्हणून सोडून द्यावे असेही नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने बेकायदा शिरलेल्या १०४ भारतीयांना हातापायांत बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरास आणून सोडले. बहुतेक पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे होते. पण त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. त्यांच्याही मागे कोठेतरी विकलेली शेती आणि मोडलेले दागिने असतीलच.

बेटाकडे पुन्हा वळू. २०१३ च्या ऑक्टोबरच्या ३ तारखेस पहाटे, सशांच्या बेटापासून अर्ध्या-एक मैलावर, एक जुनी मच्छिमार नौका येऊन थांबली. लिबियातील मिस्राता बंदरातून निघालेली. तीत पाचशेहून अधिक माणसे, बहुतेक एरिट्रियाची. यंत्र बंद पडले होते आणि पाणी आत येऊ लागले होते. किनाऱ्यावरील दिवे दिसत होते. लोकांचे लक्ष वेधावे म्हणून कोणी घोंगडी पेटवून धरली. ज्वाला भडकल्या, घाबरून सारी माणसे एका बाजूस लोटली आणि नौका उलटली. त्या रात्री बेटावरील एक आइस्क्रीमवाला मित्रांसह लहान होडीत निजला होता. पहाटे कानावर आलेला कोलाहल समुद्रपक्ष्यांचा असावा असे त्यांस आधी वाटले. पुढे जाऊन पाहतात तो पाण्यात जिकडेतिकडे माणसे. अंगाला तेल फासलेले, हात धरावा तर निसटून जाई. त्यांनी ४७ जणांना वर ओढले. एकंदर १५५ वाचले, ३६८ बुडाले.

सारे युरोप हळहळले. इटलीने त्याच महिन्यात आपल्या आरमाराची जहाजे समुद्रात पाठवून ‘मारे नोस्त्रुम’, म्हणजे ‘आमचा समुद्र’, या नावाची मोहीम काढली आणि वर्षभरात सुमारे दीड लक्ष माणसे वाचविली. मग खर्चाची कुरकुर सुरू झाली. वाचविल्यामुळेच अधिक लोक येतात असा आक्षेप निघाला. आणि २०१४ च्या ऑक्टोबरअखेर मोहीम बंद झाली. पुढील एप्रिलात, १८ तारखेच्या रात्री, लिबियाच्या उत्तरेस आणखी एक नौका बुडाली. मृतांचा अंदाज आठशेच्या घरात किंवा त्याहून अधिकच जातो, आणि वाचले ते अवघे २८. त्यानंतर २०१७ साली इटलीने लिबियाशी करार केला. लिबियाच्या पहारेकऱ्यांस बोटी आणि शिक्षण द्यावयाचे आणि त्यांनी होड्या अडवून माणसे परत न्यावयाची. परत म्हणजे त्याच कोंडवाड्यांत, जेथे त्या फळवाल्याला मार पडला होता. येणाऱ्यांची संख्या घटली खरी. २०२३ साली पुन्हा वाढली आणि त्या सप्टेंबरात तर दोन-तीन दिवसांत बेटाच्या वस्तीहून अधिक माणसे येऊन उतरली. भूमध्य समुद्रात २०१४ पासून मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांची नोंद तीस हजारांवर गेली आहे.

लांपेदूसाच्या रहिवाशांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांचीही बाजू सांगितली पाहिजे. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तेथील वृद्ध मालकीणबाईंनी आम्हांस सांगितले की, बेटावर प्रसूतीची सोय नाही. पोटुशी बाई महिनाभर आधी सिसिलीस जाऊन राहते आणि मूल घेऊन परत येते. जगातील वार्ताहर आणि मंत्री येथे येतात, छावणी पाहतात, पण या गोष्टीकडे कोणी बघत नाही, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. प्रत्येक राष्ट्रास आपले दार कोणासाठी उघडावे हे ठरविण्याचा अधिकार आहे, हेही आम्हांस मान्य आहे. त्याच बाई पुढे म्हणाल्या की, सप्टेंबरातील त्या दिवसांत त्यांनी मोठ्या पातेल्यात शेवया शिजवून अंगणात ठेवल्या होत्या. कोण आले आणि कोण जेवले हे त्यांनी पाहिले नाही.

निघण्याच्या दिवशी आम्ही बेटावरील दफनभूमीत गेलो. बेटावरील लोकांच्या थडग्यांवर त्यांची छायाचित्रे आणि ताजी फुले होती. त्यांच्यामध्येच काही अनामिकांची आहेत; नाव-गाव अज्ञात, आणि समुद्राने देह केव्हा दिला तेवढे. आमच्यात मनुष्य परागंदा झाला तर बारा वर्षे वाट पाहून मग पालाशविधी करितात. पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देतात, तेव्हा कोठे घराचे सुतक फिटते आणि श्राद्धाला तिथी मिळते. त्या थडग्यांतील मुलांच्या आयांना अशी तिथी कोणी द्यावयाची?

हा प्रश्न इटलीत एका बाईंनी आपला मानला, हे येथे आदराने सांगावेसे वाटते. मिलान विद्यापीठाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील प्राध्यापिका क्रिस्तीना कात्तानेओ यांनी २०१३ आणि २०१५ च्या या दोन्ही अपघातांतील मृतांची ओळख पटविण्याचे काम अंगावर घेतले. दुसरी नौका २०१६ साली सुमारे ३७० मीटर खोलीवरून वर काढली, तेव्हा आतील शेकडो देहांचे कपडे, खिसे, दात तपासून त्यांनी नोंदी केल्या. एका तरुणाच्या सदऱ्यात गाठ मारलेली पुरचुंडी निघाली. तीत त्याने गावची मूठभर माती बांधून आणली होती. आणि मालीहून निघालेला, सुमारे चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या जाकिटाच्या आत काहीतरी जाड शिवलेले हाताला लागले. टाके उसवले, तो आत घडी घातलेला कागद. आणि तो कागद म्हणजे शाळेतील गुणपत्रिका, विषयवार गुण मांडलेली.

हे आम्ही तेथे जाण्यापूर्वी वाचले होते. पण त्या थडग्यांपाशी उभे असताना ते पुन्हा आठवले आणि पाय निघेना. त्या मुलापाशी पैसा नव्हता, व्हिसा नव्हता. आमच्यासारखी बँकेच्या दाखल्यांची चळत नव्हती. परमुलखात आपण कोण हे सांगावयाची वेळ आली तर दाखवावयास एवढे एकच प्रमाणपत्र त्याच्यापाशी होते, आणि कोणी तरी, बहुधा घरातल्याच कोणा बाईने, ते भिजू नये म्हणून टाके घालून दिले असावे. चांगले गुण मिळवावे म्हणजे जगात कोठेही दार उघडते, ही श्रद्धा त्या घराची होती. ती आमच्याही घराची आहे. आमच्या आजोबांचे मॅट्रिकचे प्रशस्तिपत्र लोखंडी पेटीत, लुगड्याच्या घडीत, अजून जपून ठेविलेले आहे. तेच हाती घेऊन ते एकदा कोकणातून बोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरले होते. त्यांना कोणी अडविले नाही.

संध्याकाळच्या बोटीने आम्ही परतलो. खिडकीवरील इसमाने पासपोर्ट उघडले, स्मित केले आणि परत दिले. पालेर्मोस पोहोचल्यावर त्या फळवाल्याकडे निरोप घ्यावयास गेलो. तो म्हणाला, दीदी, मी काल आईला सारे सांगितले. मळ्याचे, खोलीचे, छायाचित्राचेही. ती रडली का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, रडली. पण धाकट्या चुलतभावाने दलालाला द्यावयाचे ठरविलेले पैसे आता काकांनी परत मागितले आहेत. मग त्याने पिशवीत चार संत्री घातली, आणि या वेळी आम्ही देऊ केलेले पैसे मुकाट्याने घेतले.